रेणू बदलला, उजेड बदलला

रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत सेवालाल महाराजांच्या समाधीपाशी फोटो काढणाऱ्या अनेक मोबाइलचे पडदे आता ओएलईडीचे असतात. या पडद्यांमागे वेगळा दिवा नसतो. वीज मिळताच कार्बनी रेणूंचा अतिशय पातळ थर स्वतःच उजळतो. १९८७ मध्ये टँग आणि व्हॅन स्लाइक या शास्त्रज्ञांनी असा कार्यक्षम दिवा दाखवला. पण खरी करामत रेणू निवडण्यात आहे! साध्या रेणूंत चार उत्तेजित अवस्थांपैकी एकच प्रकाश देते. इरिडियमसारखा जड अणू जोडला की उरलेल्या तीनही कामी येतात. आपल्या नागपूर विद्यापीठात प्रा. संजय ढोबळे आणि सहकाऱ्यांनी युरोपियम या धातूच्या संयुगांवर काम केलं. या संयुगांचा लाल रंग विलक्षण शुद्ध असतो. निळे रेणू मात्र अजूनही लवकर झिजतात, जास्त उजेडात तर आणखीच. म्हणून श्रोतेहो, पडदा विनाकारण पूर्ण उजेडावर ठेवू नका.