पुण्याचे नाक आणि कामगाराचा हात



कामगार संघटनेच्या माणसाने शस्त्रक्रियेवर काय बोलावे, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. शाळा मला फारशी लाभली नाही. पण यंत्रात हात सापडलेल्या माणसांबरोबर इस्पितळांच्या पायऱ्या पुष्कळ चढलो, डॉक्टरांना प्रश्न विचारले, मिळतील ती पुस्तके वाचली. त्यातून समजले ते येरवड्याच्या श्रोत्यांपुढे ठेवतो.

या शास्त्राचा एक मोठा धडा आपल्या पुण्याजवळचा आहे. १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्यांच्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकीकत छापली गेली. तीत बैल हाकणाऱ्याचे नाव आहे. कारागिराची मात्र फक्त जात आहे. वीस वर्षांनी, १८१४ साली, कार्प्यू या सर्जनने लंडनमध्ये याच रीतीने नाक केले.

कारागिराने मेणाच्या पातळ पत्र्याने नाकाचे माप घेतले, तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि भोवती रेघ ओढली. तेवढे कातडे सोडवले. पण भुवयांमधली चिंचोळी पट्टी कापली नाही. मग कातडे अर्धा वळसा देऊन खाली आणले आणि नाकाच्या जागी, ताज्या केलेल्या कडांत बसवले. तो देठ तोडला सुमारे पंचविसाव्या दिवशी.

सारी विद्या त्या देठात आहे. भुवईच्या आतल्या टोकाशी एक बारीक रोहिणी वर येते आणि कपाळाच्या कातड्यात चढते. ती देठात राहिली, म्हणून कातडे जगले. रोहिणी रक्त आणते, नीला ते परत नेते. देठ फार पिळला गेला तर मऊ भिंतीची नीला आधी दबते आणि कातडे सुजून निळेकाळे पडते. रोहिणी दबली तर ते पांढरेफटक, थंडगार होते. दरम्यान खालच्या जखमेतून नव्या केशवाहिन्या कातड्यात शिरत असतात. त्यांनी पोसण्याचे काम पुरते अंगावर घेतले, की मगच देठ तोडायचा.

हाताचेही असेच. पातळ कातडीचे कलम उघड्या हाडावर किंवा उघड्या कंडरेवर धरत नाही. तिथे स्वतःचे रक्त घेऊन येणारे जाड कातडे लागते. १९७२ साली मॅकग्रेगर आणि जॅक्सन यांनी जांघेतले असे कातडे वापरण्याची रीत मांडली. तिथली रोहिणी कमरेच्या हाडाच्या दिशेने जाते. तिच्या रोखाने पट्टा उचलतात आणि चिरडलेला हात त्याला शिवतात. हात सुमारे तीन आठवडे जांघेशी जोडलेला राहतो. आता सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या तोडून पुन्हा जोडता येतात, तरी जांघेची ही रीत सुटलेली नाही.

एका कचेरीत मला विचारले गेले, “टाके तर घातले, मग माणूस तीन आठवडे निजून कशाला?” त्या कारागिराला हा प्रश्न पडला नसता. हा मुक्काम आळसाचा नव्हे. केशवाहिन्या ज्या गतीने वाढतात, तिचा आहे.

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात, पुढे झालेल्या दुरुस्तीनंतर, अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली असे धरले जाई. गेलेल्या अंगठ्यासाठी आपण भांडत आलो. वाचू शकणाऱ्या अंगठ्याच्या तीन आठवड्यांसाठीही तितक्याच हट्टाने भांडले पाहिजे.

आणि एक गोष्ट आजच घरी घेऊन जा. अपघातात बोट कातड्याच्या एवढ्याशा पट्टीवर लोंबत असेल, तर ती पट्टी कापू नका. स्वच्छ फडक्यात आधार देऊन माणसाला तसाच इस्पितळात न्या. त्या पट्टीतून कदाचित अजून रक्त वाहत असेल.