पन्नास माणसांचें मुखत्यारपत्र

राज्याचें धोरण राज्यकर्त्यांनीं ठरवावें आणि रयतेनें तें निमूटपणें शिरसावंद्य मानावें, ही समजूत ज्या काळीं रूढ होती, त्या काळीं पुणें शहरांत एक संस्था निघाली. तिच्यापाशीं सत्ता नव्हती, फौज नव्हती, फारसा पैसाही नव्हता. लोकांची गाऱ्हाणीं गोळा करावीं, तीं आंकड्यांच्या आधारें तपासावीं आणि सरकारच्या कानीं घालावीं, एवढेंच काम तिनें पत्करिलें होतें. २ एप्रिल १८७० रोजीं स्थापन झालेली ही पुण्याची सार्वजनिक सभा होय.

निमित्त तसें स्थानिकच होतें. पर्वती संस्थानच्या पंचांच्या कारभाराविषयीं लोकांत असंतोष माजला होता, आणि त्याची दाद मागावयास कोणी पुढारी हवा होता. परंतु अशा वेळीं एक प्रश्न नेहमींच आडवा येतो: बोलणारा कोणाच्या वतीनें बोलतो? वकिलाला वकीलपत्र दाखविल्यावांचून अशिलाची बाजू मांडतां येत नाहीं. मग सबंध प्रांताची बाजू मांडणाऱ्यास तें नको काय? सभेचे चालक गणेश वासुदेव जोशी हे स्वतः वकील होते. सभेनें असा नियम घातला कीं, जो सभासद होऊं इच्छील त्यानें निदान पन्नास सज्ञान माणसांचें मुखत्यारपत्र आणावें. त्याप्रमाणें ९५ सभासद जमले, आणि त्यांच्या पाठीशीं सुमारें सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. औंधचे श्रीमंत पंतप्रतिनिधि अध्यक्ष झाले. ज्या देशांत मतदानाचा अधिकार जवळजवळ कोणासच नव्हता, त्या देशांत प्रतिनिधित्वाचा हा प्रयोग लोकांनीं आपल्याच हातांनीं उभा केला. जोश्यांना लोक पुढें ‘सार्वजनिक काका’ म्हणूं लागले, यांतच त्याचें चीज झालें.

१८७१ मध्यें महादेव गोविंद रानडे पुण्यास आले आणि सभेच्या कामाला अभ्यासाची जोड मिळाली. तक्रार खरी असून भागत नाहीं. ती सिद्ध करावी लागते, हें न्यायासनावर बसणाऱ्या त्या पुरुषास पक्कें ठाऊक होतें. शेतकऱ्यांची स्थिति व जमीनमहसुलाचा बोजा यांची चौकशी करण्यासाठीं सभेनें १८७२ मध्यें उपसमिति नेमली. १८७५ मध्यें हिंदुस्थानास पार्लमेंटांत प्रतिनिधि मिळावेत, असा अर्ज हजारों सह्यांनिशीं विलायतेस धाडला. १८७८ पासून सभेचें इंग्रजी त्रैमासिक निघूं लागलें. त्यांतील पुष्कळ लेख रानड्यांचे असत, पण सरकारी नोकरीमुळें त्यांवर त्यांचें नांव नसे.

सभेची खरी कसोटी लागली ती १८७६ च्या दुष्काळांत. दख्खनचे जिल्हे होरपळून निघाले. १ जानेवारी १८७७ रोजीं दिल्लीस राणीच्या नव्या किताबाचा दरबार भरला. त्या झगमगाटांत सार्वजनिक काका सभेच्या वतीनें जाड्याभरड्या खादीच्या पोषाखांत हजर होते. त्याच सुमारास दुष्काळी कामांवरील खर्च आंखडण्यासाठीं व्हाइसरॉयांनीं सर रिचर्ड टेंपल यांस पाठविलें. प्रौढ पुरुषास दिवसाकांठीं एक पौंड धान्य व वर अर्धा आणा पुरे, असें माप त्यांनीं सुचविलें. एक पौंड म्हणजे पुरता अर्धा शेरही नव्हे! दिवसभर खडी फोडणाऱ्यानें एवढ्यावर जगावें कसें? हजारों मजुरांनीं कामें सोडलीं. सरकारी मतें तो हट्ट ठरला. सभेनें मात्र जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागवून दुष्काळाची हकीकत क्रमाक्रमानें सरकारपुढें मांडली, आणि पुरेशी मजुरी ही मेहेरबानी नसून शासनाचें कर्तव्य आहे, असें बजावलें. त्या दुष्काळांत ब्रिटिश मुलखांतील पन्नास लाखांहून अधिक माणसें दगावलीं. पुढें दुष्काळ आयोग बसला आणि दुष्काळ-निवारणाचे लेखी नियम तयार झाले.

परंतु नियम इंग्रजींत, सरकारी दफ्तरांत. आणि ज्याच्यासाठीं ते केले तो शेतकरी निरक्षर. १८९६ मध्यें पुन्हां पाऊस फिरला. तोंपर्यंत सभेची सूत्रें टिळकपक्षाकडे गेलीं होतीं, आणि रानडे-गोखल्यांनीं निराळी डेक्कन सभा काढली होती. टिळकांच्या मंडळींनीं ते नियम मराठींत छापून वांटले. सभेचे प्रतिनिधि खेडोपाडीं जाऊन सांगूं लागले कीं, पीक बुडालें असेल तर सारा तहकूब मागण्याचा तुम्हांस हक्क आहे. घरदार विकून तो भरूं नका. यांत नवा कायदा नव्हता, बंडही नव्हतें. सरकारनें केलेला नियम सरकारच्याच प्रजेला वाचून दाखविला, एवढेंच. पण अर्ज करणारी सभा सरकारास चालत होती. अर्ज कसा करावा हें कुणब्यास शिकविणारी सभा चालली नाहीं. १८९७ मध्यें सरकारनें तिची मान्यता काढून घेतली. सार्वजनिक धोरणावर सरकारशीं पत्रव्यवहार करण्याचा तिचा मार्ग बंद झाला.

या सभेची स्तुति करतांना तिचें वैगुण्य झांकून ठेवूं नये. तिच्यांत सरदार, वकील, सावकार आणि शिकलेले लोक यांचाच भरणा होता. ‘सार्वजनिक’ म्हणविणाऱ्या या सभेंत शूद्रातिशूद्रांना जागा कोठें आहे, असा जोतीराव फुल्यांच्या टीकेचा रोख होता, आणि त्यास समर्पक उत्तर सभेपाशीं नव्हतें. दुसऱ्याच्या भुकेविषयीं बोलणाऱ्यानें त्या भुकेल्यास शेजारीं बसविलें पाहिजे. नाहीं तर मुखत्यारपत्रावरील सह्या वाढतात, आणि अशील मात्र दाराबाहेरच राहतो.

टेंपलसाहेबांच्या मापानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १९७७ मध्यें, महाराष्ट्राच्या विधिमंडळानें रोजगार हमीचा कायदा केला. काम मागणाऱ्या ग्रामीण प्रौढास काम देणें राज्यावर बंधनकारक झालें. हा कायदा १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवांतून आला. त्याचें श्रेय जुन्या सभेस देणें इतिहासास धरून होणार नाहीं. तथापि मजुरी ही भीक नव्हे, हें वाक्य या प्रांतांत कोणी तरी पूर्वीं उच्चारून ठेविलें होतें, हें खरें.

धोरणाविषयीं सरकारशीं बोलणाऱ्या संस्था आज पुष्कळ आहेत. त्यांच्याजवळ आंकडे आहेत, अहवाल आहेत, कायदेपंडितही आहेत. त्यांपैकीं प्रत्येकीस विचारण्याजोगा प्रश्न मात्र १८७० चाच आहे: हें मुखत्यारपत्र कोणाचें, आणि त्यावर सही करणाऱ्यास त्यांतला मजकूर कोणी वाचून दाखविला आहे काय?