मोहाखालची अस्वलं

मेळघाटला जायचं ठरलं तेव्हा आमच्या गटातल्या एका मावशींनी पहिलं विचारलं, "वाघाचं राहू दे, तिथं अस्वलं हायेत का?"

आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या सातपुड्याचं हे रान १९७४ साली व्याघ्र प्रकल्प झालं. पण मोह वेचणाऱ्या कोरकू बायांना सांभाळावं लागतं ते अस्वलापासून. मोहाची फुलं पहाटे गळतात. उशीर केला तर जनावरं खाऊन टाकतात, आणि त्या टोपलीवर तर घरचा बाजार असतो. म्हणून बाई अंधारातच निघते. अस्वलालाही मोह आवडतो. त्याचं नाक तिखट, पण नजर अधू. खाली वाकलेली बाई त्याला अगदी जवळ आल्यावरच कळते. मग दचकून अंगावर येतं. पाठीवर पिल्लं असली तर विचारूच नका. चार-पाच जणींनी मिळून, मोठ्यानं बोलत, उजाडल्यावर जावं हे बरं. दिसलंच तर पळू नये, हळूहळू मागं सरावं.

तिथला काळा दगड बघून आमच्या बाया म्हणाल्या, हा तर आपलाच! खरंच आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून लाव्हा पसरला, त्याचाच तो दगड. आपल्या ज्वारीची काळी माती त्याचीच झीज.

पावसाळ्यात गाभ्यातली सफारी बंद असते, तेव्हा हिवाळ्यात जा. अमरावती, परतवाडा, मग घाट चढून सेमाडोह. स्वेटर घ्या, थंडी आपल्यासारखी नाही.