मार्करच्या घरी टेबल

श्रोतेहो, मी कविता लिहिणारा माणूस. टेबलाशी माझा संबंध फार तर त्यावर कागद ठेवण्यापुरता. पण आज तुमच्याशी बोलणार आहे ते पूलच्या टेबलाविषयी. हिरव्या-निळ्या कापडाचं, सहा भोकांचं ते भलंमोठं टेबल, ज्यावर लांब काठीनं रंगीत चेंडू मारतात, ते. असं एक टेबल गेल्या वर्षी आमच्या घरी आलं. ते कसं आलं हे सांगण्यासारखं आहे, कारण ते निवडताना आम्ही बाहेर ज्याला त्याला विचारत होतो आणि त्यातला खरा जाणकार आमच्याच घरात पलंगावर बसून तसबीह ओढत होता.

माझे वडील, आम्ही त्यांना अब्बा म्हणतो, नगरच्या छावणीतल्या एका क्लबात मार्कर होते. (सरकारदरबारी २०२४ पासून आपलं अहिल्यानगर झालं. माझ्या जिभेला जुनी सवय आहे, सांभाळून घ्या.) इंग्रजांनी १८०३ साली नगरचा किल्ला घेतला, मग भिंगारला छावणी बसली. छावणी आली की मेस येते, क्लब येतो, आणि क्लब आला की बिलियर्डचं टेबल येतंच. स्नूकर हा खेळ तर जन्मालाच आला आपल्याकडे, जबलपूरच्या छावणीत, १८७५ साली. पावसाळ्यात कंटाळलेल्या अधिकाऱ्यांनी जुन्या खेळात रंगीत चेंडू वाढवले आणि नवा खेळ तयार केला. आज सगळं जग तो खेळतं.

तर मार्कर म्हणजे कोण? टेबलाजवळ उभं राहून गुण मोजणारा, मोठ्यानं सांगणारा, भिंतीवरच्या फळीवर काटा सरकवणारा माणूस. भोकात गेलेला चेंडू काढून जागेवर ठेवायचा. काठीच्या टोकाला खडू लावून द्यायचा. हात पुरत नसेल तर टेकू आणून द्यायचा. आणि या सगळ्यात दिसायचं नाही. अब्बा १९५१ साली, चौदाव्या वर्षी, तिथं लागले. सुरुवातीला चेंडू पुसायला होते, पुढं मार्कर झाले.

एखाद्या मेंबराला जोडीदार मिळाला नाही, तर मार्करनं काठी हातात घेऊन त्याच्याशी खेळायचं. खेळायचं, पण जिंकायचं नाही. असं कुणी कधी बोललं नव्हतं, कुठं लिहिलेलंही नव्हतं. अब्बांना ते कळलेलं होतं, एवढंच. मी एकदा विचारलं होतं, "मुद्दाम हरताना वाईट नाही वाटायचं?" अब्बा म्हणाले, "हरायला जास्त अक्कल लागते. समोरच्याला कळता कामा नये." (आमच्या घरातलं बोलणं दखनीतलं; तुमच्यासाठी मराठीत सांगतोय.)

त्यांचं स्वतःचं खेळणं असायचं ते पहाटे. फजरची नमाज झाली की सायकलवर टांग मारून क्लबात. कापडावर ब्रश फिरवायचा, एकाच दिशेनं, कारण त्या कापडाला मखमलीसारखी लव असते. ब्रश उलटा फिरला की चेंडू वाट सोडतो. मग कोमट इस्त्री, तीही त्याच दिशेनं. त्यानंतर टेबल तपासायचं म्हणून दोन-चार चेंडू मारून बघायचे. ती तपासणी कधी कधी पाऊण तास चालायची. लहानपणी सुट्टीत दोन-तीनदा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. मला आत प्रवेश नव्हता, मी मागच्या पायरीवर बसायचो. आतून आवाज यायचा. एक टक्, मग लांबलचक शांतता, मग आणखी एक टक्. त्या वयात मला वाटायचं अब्बा आत काहीतरी दुरुस्त करताहेत.

एकदा कापड फाटलं. काठीचं टोक बसून इंग्रजी एलसारखा चिरा गेला. ज्या मेंबराच्या हातून फाटलं तो बोलला नाही, आणि अब्बांनाही ते बोलून चाललं नसतं. पैसे पगारातून कापले गेले, अकरा महिने. त्या वर्षी ईदेला अम्मीनं जुन्याच कपड्यांना नवी बटणं लावली होती, हे मला आठवतं. क्लबाचं नाव सांगत नाही. आता त्याचा उपयोगही नाही.

अब्बांच्या ट्रंकेत वर्तमानपत्राचं एक पिवळं कात्रण आहे. विल्सन जोन्स यांचं. पुण्यात जन्मलेले जोन्स १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्डचे जगज्जेते झाले. वैयक्तिक खेळात जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. १९६४ मध्ये न्यूझीलंडला जाऊन त्यांनी ते पुन्हा मिळवलं. आज किती जणांना हे नाव ठाऊक आहे? अब्बांच्या लेखी मात्र हिंदुस्थानात खेळाडू झाले ते तेवढेच. पुढं फरेरा आले, गीत सेठी आले, पुण्यातच जन्मलेला पंकज अडवाणी आला. ट्रंकेत दुसरं कात्रण गेलं नाही.

आता माझा मुलगा. सुप्याच्या एमआयडीसीत नोकरी करतो. सावेडीच्या पुढं घर बांधलं आणि म्हणाला, "अब्बू, हॉलमध्ये पूल टेबल घ्यायचंय." मी म्हणालो, कॅरम घे. खरंच म्हणालो. आपल्याकडं चार पोरं आणि एक कॅरमबोर्ड असला की उन्हाळा निघतो, आणि तो उभा करून कपाटामागं ठेवताही येतो. पण त्यानं पुण्यात कॉलेजात असताना पूल खेळलेलं. त्याच्या डोक्यातून ते जाईना.

इथं थोडा खुलासा करतो. बिलियर्डला तीनच चेंडू आणि बारा फुटी टेबल. स्नूकरला टेबल तेच, पण चेंडू बावीस. पूलचं टेबल लहान, सात, आठ किंवा नऊ फुटी. भोकं जरा मोठी, चेंडूही मोठे, पंधरा आकड्यांचे आणि एक पांढरा. घरात बसवायला पूल बरा पडतो, तो यासाठी.

आम्ही पुण्याला एका दुकानात जायचं ठरवलं. निघताना अब्बा म्हणाले, "मीही येतो." वय अठ्ठ्याऐंशी, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. सून म्हणाली, "दादाजींना त्रास होईल." पण ते टोपी घालून गाडीत जाऊनही बसले होते.

दुकानदारानं एक झकास टेबल दाखवलं. चकचकीत लाकूड, सिंहाच्या पंजासारखे पाय, निळंशार कापड. किंमतही दुसऱ्या टेबलांच्या जवळजवळ निम्मी. मुलगा खूश. मी पायांवरचं कोरीवकाम बघत होतो. कवीकडून दुसरं काय होणार. अब्बांनी पायांकडं पाहिलंही नाही. त्यांनी कापडावर तळहात ठेवला, बोटाच्या पेरानं ठोकलं आणि मान तिरपी करून ऐकलं. मग म्हणाले, "दगड नाही."

दुकानदार म्हणाला, "चाचा, आजकाल हेच चालतं. दाबलेल्या लाकडाची फळी आहे, मजबूत."

"दोन पावसाळे," अब्बा म्हणाले.

श्रोतेहो, तोपर्यंत मला हे माहीत नव्हतं. चांगल्या टेबलाच्या कापडाखाली लाकूड नसतं, पाटीचा दगड असतो. आपण शाळेत ज्यावर अआइई गिरवलं, त्याच जातीचा. पूर्वी टेबलाचा पृष्ठभाग लाकडीच असे. हवेनं लाकूड फुगतं, वाकतं, म्हणून लंडनच्या जॉन थर्स्टन यांनी १८२० च्या दशकात दगड वापरायला सुरुवात केली. दगडाला ऊन-पावसाचं काही वाटत नाही. घरच्या टेबलाला तो पाऊण इंच ते एक इंच जाडीचा असतो, स्पर्धेच्या टेबलाला इंचभर तरी हवाच. एक अखंड शिळा उचलणं अवघड, म्हणून मोठ्या टेबलांना बहुधा तीन तुकडे असतात. बारा फुटीला पाच. टेबलाची निम्मी किंमत या दगडाची, आणि बसवल्यावर तो कुणालाच दिसत नाही.

दुसरं टेबल दगडाचं होतं. तिथं अब्बा रमले. आधी खाली वाकून, म्हणजे मला खाली वाकायला लावून, दगडाच्या कडा आणि खालची चौकट बघितली. मग एक चेंडू हातानंच, अगदी हळू, लांबीच्या दिशेनं सोडला. जोरात मारलेला चेंडू सगळे दोष लपवतो, मरत आलेला चेंडू खरं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. शेवटच्या वीतभरात तो कुठं कलतो, ते बघायचं. नंतर कडेच्या रबरी गादीवर, तिला कुशन म्हणतात, अंगठा दाबत दाबत सगळं टेबल फिरले. रबर एकीकडं कडक, एकीकडं मेलेलं असं नको. कुशनचं नाक चेंडूच्या निम्म्या उंचीहून किंचित वर हवं, नाहीतर चेंडू उडतो. मग मुलाला म्हणाले, "मार जोरात." चेंडू साडेतीन वेळा टेबलाची लांबी कापून थांबला. "चालेल."

दुकानदार केव्हाच गप्प झाला होता. त्यानं खुर्ची आणली, चहा मागवला आणि विचारलं, "चाचा, खेळायचे का तुम्ही?"

अब्बा म्हणाले, "मोजायचो."

कापडाच्या बाबतीत मात्र अब्बा हरले. पूलच्या कापडाला लव नसते, ते घट्ट विणीचं, गुळगुळीत असतं. त्यामुळं दिशेनं ब्रश नाही, इस्त्रीही नाही. नुसतं पुसून घ्यायचं. हे ऐकून त्यांचा चेहरा उतरला, जणू त्यांची नोकरीच गेली. चेंडू मात्र त्यांनी कौतुकानं हातात फिरवले. क्लबात एका पेटीत हस्तिदंताचे तीन जुने चेंडू होते, तडे गेलेले, ते खेळायला काढत नसत. एकेकाळी या खेळापायी किती हत्ती मेले असतील, देव जाणे. हस्तिदंताला पर्याय शोधता शोधता अमेरिकेत हयाट नावाच्या गृहस्थानं सेल्युलॉइड बाजारात आणलं, आणि प्लॅस्टिकच्या युगाला तिथून वेग आला. आताचे चांगले चेंडू फिनॉलिक राळेचे, काचेसारखे कठीण.

घ्यायचं तर आठ फुटी, असं ठरत आलं तेव्हा अब्बांनी विचारलं, "खोली केवढी?" आम्ही बापलेक एकमेकांकडं बघू लागलो. हा हिशेब बहुतेक लोक टेबल घरी आल्यावर करतात. आठ फुटी टेबलाचं खेळायचं मैदान सुमारे ८८ बाय ४४ इंच. काठी ५८ इंचांची. चारी बाजूंनी काठी मागं ओढायला जागा हवी, म्हणजे लांबीत दोन काठ्या आणि रुंदीत दोन काठ्या मिळवायच्या. झाली खोली सतरा फूट बाय साडेतेरा. याहून कमी असेल तर दर तिसऱ्या फटक्याला कोपर भिंतीला लागणार. मुलाच्या मनात गच्चीवरची खोली होती, ती चौदा बाय बारा. शिवाय टेबलाचं वजन साडेतीनशे-चारशे किलो. अखेर तळमजल्याचा हॉल, साडेसतरा बाय चौदा, टेबलाला गेला आणि सोफा जिन्याखाली. सुनेनं यावर आठवडाभर अबोला धरला, आणि मला विचाराल तर तिचं बरोबरच होतं.

अब्बांनी एक अट घातली होती. पैसे लावून खेळायचं नाही. आमच्या मोहल्ल्यात या खेळाकडं जुगार म्हणूनच बघतात. अब्बा हयातभर ते ऐकून घेत आले.

टेबल बसवायला दोन कारागीर आले. सकाळी दहाला सुरू झालेलं काम संध्याकाळी संपलं. दगडाचे तीन तुकडे ठेवायचे, पातळी बघायची, पायाखाली पातळ पट्ट्या सरकवायच्या, पुन्हा पातळी बघायची. सांध्यांत मधमाशांचं मेण वितळवून भरायचं, गार झालं की पात्यानं खरवडून सपाट करायचं, मग वर कापड ताणायचं. अब्बा खुर्ची टाकून दिवसभर तिथंच. जोहरच्या नमाजेला उठले तेवढेच. तिसऱ्या पायापाशी एक कारागीर "बास झालं" म्हणाला, तेव्हा अब्बांनी नुसतं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं आणखी एक पट्टी घातली.

रात्री सगळे खेळले. मुलगा, त्याचे दोन मित्र, नातवंडं, आणि चक्क सूनही. मी दोन फटके मारले, दोन्ही वेळा पांढरा चेंडूच भोकात गेला. नातीनं काठी अब्बांच्या हातात दिली. त्यांनी टोकाला खडू लावला, खडू फुंकला आणि काठी तिला परत दिली. मग भिंतीशी उभे राहून गुण मोजत राहिले. आवाज असा ठणठणीत, की मीही कधी ऐकला नव्हता. बारा वाजता मी त्यांना झोपायला लावलं.

पहाटे जाग आली. अजान होऊन गेली होती. हॉलच्या दाराखाली उजेड होता. टक् आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्, आणि चेंडू भोकाच्या जाळीत पडल्याचा मऊ आवाज. मग पुन्हा. मी मोजायला लागलो, नऊपर्यंत मोजलं, एकदाही चुकल्याचा आवाज आला नाही. उठून दारापर्यंत गेलो आणि पायरीवर बसावं तसा तिथंच जमिनीवर बसलो. दार उघडलं नाही.

सकाळी टेबलावर आच्छादन घातलेलं होतं आणि काठ्या भिंतीला लागलेल्या. चहाच्या वेळी अब्बा म्हणाले, "खिडकीकडचा कोपरा केसभर खाली आहे. त्या मिस्त्र्याला फोन कर."