नहरीच्या वाटेने



इराणातील इस्फहान शहर पायी फिरून पाहावे, अशी जगातल्या पुष्कळ प्रवाशांची हौस असते. पहिल्या शाह अब्बासाने १५९८ च्या सुमारास तेथे राजधानी आणली आणि चहारबाग नावाचा रुंद रस्ता काढला. दोन्ही बाजूंना झाडे आणि मधून खेळते पाणी, अशी त्याची रचना होती. धावड्याहून इस्फहान फार लांब. तेथे जाणे आपल्यापैकी किती जणांना जमेल, सांगवत नाही. परंतु त्याच शाह अब्बासाच्या हयातीत, बहुतांशी त्याच विद्येच्या बळावर, एक शहर आपल्या दाराशी उभे राहिले. १९८१ साली जालना जिल्हा वेगळा होईपर्यंत तेच आपले जिल्ह्याचे ठिकाण होते. १६१० साली मलिक अंबरने ते वसवले तेव्हा त्याचे नाव खडकी. १६२६ नंतर फतेहनगर. १६५३ पासून औरंगाबाद. आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. नावे बदलली, पण तहान बदलली नाही. आज त्या शहरातून आपण पायी फिरणार आहोत.

कामगार संघटनेच्या माणसाने इतिहासाच्या फंदात का पडावे, असे कोणी विचारील. आमचे शाळेतील शिक्षण फारसे झाले नाही. जे शिकलो ते वाचनालयात आणि हजेरीपटावर. त्यामुळे कोणतीही इमारत पाहिली की आमच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की येथे कामावर कोण होते? मौज अशी की, या प्रश्नातले शब्दही त्या शहराच्या दरबारी भाषेने, म्हणजे फारसीनेच, आपल्याला दिले आहेत. मजूर फारसी, कारागीर फारसी, कारखाना फारसी. हक्क हा शब्द मूळचा अरबी, पण आपल्याकडे आला तो फारसीच्याच वाटेने.

सिल्लोड-फुलंब्रीवरून जाणारा माणूस हर्सूलच्या बाजूने शहरात शिरतो. मलिक अंबरने आणलेले पाणीही याच उत्तरेकडच्या बाजूने शहरात शिरत असे. म्हणून आपणही पाण्याबरोबरच आत जाऊ. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी शोधायचे, जमिनीखालून बांधीव मार्ग काढायचा, त्याला अगदी बेताचा उतार द्यायचा, आणि मधून मधून उच्छ्वास ठेवायचे. म्हणजे हवा खेळते आणि माणसाला उतरून गाळ काढता येतो. पंप नाही, मोट नाही, बैल नाही. पाणी स्वतःच्या वजनाने शहरापर्यंत चालत येते. इराणात या विद्येला कनात किंवा कारेझ म्हणतात, आणि तेथल्या कनातींना २०१६ साली युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिले. आपल्याकडे तिचे नाव नहर. अंबरी नहरीनंतर आणखीही नहरी झाल्या, आणि त्यांवर हे शहर पिढ्यान् पिढ्या पाणी प्याले.

जमिनीखाली वाकून, दिव्याच्या उजेडात, उतार न चुकवता खोदत जाणे हे काय काम असेल, ते विहीर खणलेल्या माणसाला सांगायला नको. उतार कमी पडला तर पाणी साचते, जास्त झाला तर ते बांधकाम खाते. एवढे अचूक काम करणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आपल्या तोंडी नाही.

आता दिल्ली दरवाजा आला. शहराचा कोट १६८२ साली औरंगजेबाने बांधविला. त्याच्या मोठ्या दरवाजांना ज्या दिशेला तोंड त्या गावाचे नाव मिळाले. उत्तरेचा दिल्ली दरवाजा, दक्षिणेचा पैठण दरवाजा, आणि पूर्वेचा आपल्या जालन्याचा. दिल्ली दरवाजाच्या समोरच्या तळ्याला आज सलीम अली सरोवर म्हणतात. त्याचे जुने नाव खिज्री तलाव. खिज्र म्हणजे पाण्याशी ज्याचे नाव जोडले जाते तो पुण्यपुरुष. शहरात शिरण्याआधी पाण्याला नमस्कार, अशीच ही योजना वाटते.

तेथून शहरातून भडकल दरवाजाकडे यावे. मोगलांवरील विजयाची खूण म्हणून मलिक अंबरने तो १६१२ साली उभारला. येथे थोडे थांबू. हा मलिक अंबर जन्माने हबशी. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादच्या बाजारातून दख्खनेत आला, आणि निजामशाहीचा वजीर झाला. ज्याच्या स्वतःच्या देहाची किंमत बाजारात ठरली होती, त्याने शहर वसवताना आधी पाण्याची सोय पाहिली. दरवाजा सर्वांना दिसतो. त्याच माणसाची नहर पायाखाली आहे, ती कोणी दाखवीत नाही.

पुढे खाम नदीच्या काठी पाणचक्की लागते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ती तुर्कताजखानाने बांधविली, असे गॅझेटियर सांगते. दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून, उंच खांबावर चढवून, ते धबधब्यासारखे सोडले आहे. त्या पाण्याने चक्की फिरे आणि फकीर-यात्रेकरूंच्या अन्नछत्राचे पीठ निघे. मोठ्या हौदाच्या खाली एक थोरले दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचे छत. भर वैशाखात तेथे गारवा असतो. येथे आलेल्या आपल्या आयाबहिणींना काही वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पहाटे उठून ज्यांनी जाते ओढले, त्यांना पाण्याने फिरणाऱ्या जात्याची किंमत आमच्यापेक्षा अधिक कळते. यंत्र माणसाचे श्रम हलके करण्यासाठी असते, त्याची भाकरी काढून घेण्यासाठी नसते. हे तत्त्व आम्ही कारखान्यांच्या फाटकांवर वर्षानुवर्षे सांगत आलो. येथे ते दगडात बांधलेले आहे.

तेथून बेगमपुऱ्याकडे वळले की बीबी का मकबरा. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू हिची ही कबर. तिचे घराणे इराणच्या सफवी राजवंशातले. म्हणजे इस्फहानचे नाते येथे पुन्हा जुळले. बाग चहारबागेच्या पद्धतीची, मधून पाण्याचे पाट. लोक याला ताजमहालाची नक्कल म्हणून नाक मुरडतात. आपण नाक न मुरडता हिशेब करू.

संगमरवर जयपूरकडच्या खाणींतला. तावेर्निये नावाच्या फ्रेंच प्रवाशाने सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना संगमरवराने लादलेल्या तीनशे गाड्या पाहिल्याचे लिहिले आहे, आणि सर्वांत लहान गाडीलासुद्धा बारा बैल होते. म्हणजे निदान तीन हजार सहाशे बैल. प्रत्येक गाडीवर माणसे, रात्री वैरण, वाटेत मोडलेले आख. तारीखनामा नावाच्या ग्रंथात या इमारतीचा खर्च दिला आहे: रुपये ६,६८,२०३ आणि आणे सात. सात आणेसुद्धा सुटलेले नाहीत. मुख्य दरवाजावर दोन नावे कोरली आहेत, अताउल्ला हा शिल्पी आणि हंसपतराय हा अभियंता. एक मुसलमान, एक हिंदू, दोघे एकाच कामावर. ती नावे तेथे आहेत याचा आम्हाला आनंद वाटतो. परंतु ज्या हिशेबात सात आणे मावले, त्यात दगड घडविणारा मावला नाही, चुना मळणारी मावली नाही, हे आम्ही सांगितल्याशिवाय राहणार नाही.

कोणी म्हणेल, त्या काळी तसेच होते. आम्हाला ते मान्य नाही. आपला तालुका भोकरदनचा. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. दोन हजार वर्षांपूर्वी सांचीच्या स्तूपासाठी ज्या साध्या लोकांनी दान दिले, त्यांची नावे तेथल्या दगडांवर कोरली आहेत, आणि त्यांत भोगवर्धनचे रहिवासीही आहेत. राजे नव्हेत, तर आपल्या-तुमच्यासारखी माणसे. तेव्हा साध्या माणसाचे नाव दगडावर लिहिण्याची रीत आपल्याकडे होती. ती आपण सोडली.

यात केवळ मानाचा प्रश्न नाही. त्या नहरींचे पुढे काय झाले? गाळ साचला, झाडांची मुळे शिरली, वर घरे उठली. नहर खोदली की काम संपले असे होत नाही. दर वर्षी कोणीतरी आत उतरावे लागते. त्या उतरणाऱ्याला कोणी मोजले नाही, आणि तो नाहीसा झाला तेव्हा त्याची आठवणही कोणाला झाली नाही. आज त्या शहराचे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून, चढावर, विजेच्या पंपांनी उचलून आणावे लागते, आणि आठ-आठ दिवस नळ न आल्याचे हाल तेथल्या आयाबहिणींनी काढले आहेत. लाखो वस्तीला जुन्या नहरी पुरल्या असत्या, असे आम्ही म्हणत नाही. परंतु फुकट वाहत येणारे पाणी हातचे घालवायला काही कारण नव्हते. ज्या कामाची नोंद नाही त्या कामाची निगा राहत नाही, एवढाच याचा अर्थ.

आता आपल्या गावाचे पाहू. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या वडीलधाऱ्यांनी खडी फोडली, तलावांची माती वाहिली. त्या कामांवरच्या माणसांची नावे कोठे लिहिली गेली? फक्त हजेरीपटावर. बंधाऱ्याच्या कोनशिलेवर नाव असते ते उद्घाटकाचे. आमचे मागणे एवढेच आहे. या व्याख्यानमालेच्या तरुण श्रोत्यांनी एक वही घ्यावी, गावात घरोघर जावे, आणि कोणती विहीर कोणी खणली, कोणता बांध कोणी घातला, हे म्हातारी माणसे आहेत तोवर विचारून लिहून ठेवावे. पुढे नवे काम निघेल तेव्हा गवंड्याचे, पाथरवटाचे, माती वाहणाऱ्या बाईचे नाव कोनशिलेवर घालावे, आणि त्याच्याखाली गाळ काढण्याचा महिना व जबाबदार माणसाचे नाव लिहावे. यासाठी सरकारच्या मंजुरीची गरज नाही. एक छिन्नी, एक हातोडा आणि गावाचा निश्चय पुरे.