परांड्याचा वेढा : एक खेळ



वेढ्याचा खेळ मांडताना आपण बहुधा तोफांपासून आरंभ करतो. परांड्याचा खेळ वैरणीपासून मांडावा. १६३४ साली शाहजादा शुजा व महाबतखान यांच्या मोगल फौजेने हा भुईकोट वेढला. सुरुंग लावले, तरी तो पडेना. छावणीभोवतीचे गवत व सरपण संपले. ते दुरून आणणाऱ्या तुकड्यांवर विजापूरकरांचे छापे पडू लागले. सरदारांत बेबनाव होताच. पावसाळा तोंडावर येताच वेढा उठवावा लागला.

शाळेच्या अंगणात फक्कीने तट व खंदक आखावेत. मोगल गटास चाळीस चिंचोके द्यावेत. ही त्याची वैरण. प्रत्येक डावात चार खर्ची पडावेत, सुरुंग खणल्यास आणखी दोन. आठ सुरुंगांनी तट पडेल; पण बाराव्या डावाला मृग लागतो, मग वेढा उठला. नवे चिंचोके मैदानापलीकडून आणावेत. वाटेत विजापूरकरांनी शिवले की ओझे गेले.

मोगलांचा सेनापती मात्र हुशार विद्यार्थ्यांतून निवडू नये. वैशाखात गुरांसाठी चारा शोधत हिंडलेला, सनावळीत नेहमी मागे पडणारा मुलगा प्रत्येक वर्गात असतो. पहिला मान त्याला द्यावा.