स्वागताध्यक्षांचे भाषण : न्यायाधीशाचे घर





इथून, लालबाग-परळहून, जवळच आर्थर रोड तुरुंग आहे. १९९३च्या बॉम्बस्फोटांचा खटला त्याच्याच आवारातल्या विशेष न्यायालयात चालला. न्या. प्रमोद कोदे यांनी शंभर जणांना दोषी ठरवून २००७ पर्यंत शिक्षा सुनावल्या. त्या दिवसांत सातरस्त्याला बसच्या रांगेत आम्ही प्रत्येक निकालावर तावातावाने भांडत होतो. ते भांडण आमच्या हक्काचे होते. न्यायाधीशांच्या घरी कोण असते, मुले कुठल्या शाळेत जातात, हा विषय त्या रांगेत कधी निघाला नाही.

आता न्यायाधीशाच्या घराचा पत्ता मोबाइलवर घटकेत पसरतो. २८ जुलै २०२१ला धनबादचे न्या. उत्तम आनंद सकाळी फिरायला निघाले होते. रिक्षाने धडक देऊन त्यांचा जीव घेतला. रोज त्याच रस्त्याने फिरणाऱ्या माणसाला गाठायला कितीशी माहिती लागते?

पण भीतीपोटी सगळेच झाकायचे म्हटले, तर गिरणगावचा इतिहास आड येतो. १९०८ साली लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि इथल्या गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या. शिक्षा देणाऱ्या न्या. दावरांनीच १८९७ साली वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी अर्ज केला होता. न्यायाधीशाचे पक्षकाराशी असे जुने नाते लोकांना कळलेच पाहिजे. त्याची मिळकत, त्याचे हितसंबंध, त्याच्यासमोर उभे राहणारे नातलग, हेही कळले पाहिजे. १९९५ साली मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांच्या पुस्तकाच्या मानधनावरून वकिलांनी प्रश्न उभे केले, तेव्हा भट्टाचार्जींनी राजीनामा दिला. अशा तक्रारीची चौकशी कोणी, कशी करायची, याची रीत त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने घालून दिली. २०१९ साली सरन्यायाधीशांचे कार्यालयही माहिती अधिकाराखाली आले. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ३३ पैकी २१ न्यायमूर्तींची मालमत्ता संकेतस्थळावर झळकली. हे पाऊल मला मोलाचे वाटते. जिल्हा न्यायालयापर्यंत ते पोहोचायला हवे. मात्र मालमत्ता सांगताना फ्लॅटचा नंबर छापायचे कारण नाही.

उद्या याविषयी ठराव मांडताना न्यायाधीशाचे हितसंबंध आणि त्याच्या घराचा पत्ता, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, एवढीच विनंती. आणि मित्रहो, एखाद्या निकालाने तुमचे रक्त तापले, तर अपील करा, लेख लिहा, सभा घ्या. न्यायाधीशाच्या घराचा पत्ता मात्र पुढे पाठवू नका.